आत्याची घंटा

माझ्या आत्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: अर्ज केलेली आणि शेवटची तारीख उलटल्यावर धावत येणारी. देव, पक्ष, शाकाहार, मांसाहार हे सगळे भेद तिच्या लेखी किरकोळ. एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे तिने तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर ती खिडकीच जणू घरी घेऊन आली. डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये ती दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि आम्ही पहिल्या. तिच्या पिशवीत पंच, डिंक, स्टेपलर आणि निम्म्या बिल्डिंगच्या रेशनकार्डांच्या झेरॉक्स असत. पाया पडणाऱ्याला ती आधी आशीर्वाद द्यायची आणि लगेच विचारायची, "आधार बँकेला जोडलंयस ना?"

कल्याणच्या एका लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या धाकट्या भावाला जिलबी खाता खाता गाठलं. "इंजिनिअरिंगला ना? सरकारी फेरीतून की मॅनेजमेंट कोट्यातून?" मॅनेजमेंट म्हटल्यावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि घरातलं कुणी गेल्यावर ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "मग फीची सवलत नाही रे बाळा. सावर स्वतःला." तो बिचारा जिलबी तशीच हातात धरून उभा. तळमजल्यावरच्यांच्या तिसऱ्या मुलाच्या बारशाला तर पाळण्यात डोकावून तिने जाहीर केलं, "फीची सवलत घरातल्या पहिल्या दोघांनाच. ह्याला जरा जास्त हुशार करा." बाळाची आजी वर्षभर तिच्याशी बोलली नाही. पुढे त्याच घरातल्या थोरल्याचा अर्ज आत्यानेच भरला, तेव्हा बोलायला लागली.

ती पहाटे पाचला उठून शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल उघडायची, कारण त्या वेळी "सर्व्हरचं पोट रिकामं असतं." पात्र असणं आणि सवलत मिळणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे ती सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायची. "पात्र तर अर्धी डोंबिवली आहे. पण उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, प्रवेशाचं पत्र, सगळं लावून अर्ज करायला नको? तो आधी कॉलेज तपासतं, मग सरकारी खातं तपासतं. कुठेही अडला तर परत येतो. आलेला अर्ज पुन्हा पाठवायचा असतो, रडत बसायचं नसतं."

आणि अर्ज मंजूर झाला की ती देवघरातली पितळी घंटा घेऊन गॅलरीत यायची आणि तीनदा वाजवायची. बिल्डिंगला कळायचं की कुणाच्या तरी पोराची फी माफ झाली. कुणाच्या, ते मात्र ती कधीच सांगत नसे. "तंगी ज्याची त्याची खासगी," ती म्हणायची, "सवलत मात्र सगळ्या बिल्डिंगची." घंटा झाली की लोक आपापल्या दारात येऊन उगाच एकमेकांकडे बघून हसायचे.

आता मला माझं सांगायला हवं. घोडबंदर रोडवरची माझी नोकरी गेली तेव्हा मी बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नाही. शहाडला एका गोदामात निम्म्याहून कमी पगारावर लागलो, पण घरातून निघायचो त्याच इस्त्रीच्या शर्टात. पगाराचा आकडा घरीही कधी उच्चारला नाही. दीड वर्षाने मुलीला बारावीत चांगले गुण पडले, सरकारी फेरीतून मनासारख्या कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. प्रवेशाचा फॉर्म मीच भरला. उत्पन्नाच्या रकान्यात जुन्या पगाराचा आकडा टाकला, आणि सवलत हवी का, या प्रश्नापुढे 'नाही' निवडलं. पोरीने विचारलं, "बाबा, आपण बसतो का सवलतीत?" मी म्हटलं, "नाही गं, आपलं उत्पन्न जास्त आहे." पूर्ण फीचा कागद आला तेव्हा तिने तो घडी करून ठेवला आणि म्हणाली, "मी इथेच बीएस्सीला जाते. जवळ पण आहे." ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बीएस्सीचा फॉर्म तपासून घ्यायला ती वरच्या मजल्यावर गेली, आणि पाच मिनिटांत आत्या खाली आली. चपलाही न घालता.

"उत्पन्न किती?"

"आत्या, बस तरी."

"बसायला नाही आले. गेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरतात, तुझ्या जुन्या रुबाबाचं नाही. शहाडला किती देतात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बुटांनी. घोडबंदरच्या ऑफिसात गोणपाटाची धूळ असते होय रे? आणि शर्टाच्या खिशातून शहाडचा पास डोकावतो."

"मग दीड वर्ष बोलली का नाहीस?"

"तू अर्ज केला नव्हतास. अर्ज केल्याशिवाय मी कुणाच्या घरात बघत नाही. आज पोरगी अर्ज घेऊन आली."

मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे न बघता आकडा सांगितला. बायकोच्या शिकवण्या धरूनही आम्ही मर्यादेच्या पुष्कळ आत होतो. पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, म्हणजे बसतो आपण!" तिच्या आवाजात राग नव्हता, आनंद होता. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दाखल्याच्या रांगेत आत्या माझ्या शेजारी उभी. खिडकीतल्या बाईंनी वार्षिक उत्पन्न विचारलं. मी पुटपुटलो. आत्या म्हणाली, "मोठ्याने बोल. चोरी केलीस का?" मी सगळी रांग ऐकेल एवढ्या मोठ्याने बोललो. मागचा माणूस पुढे झुकला. आता हा हसणार, असं मी धरूनच चाललो. तो म्हणाला, "साहेब, पेन आहे का?" दीड वर्ष मी ज्या जगाला घाबरत होतो, त्याला फक्त पेन हवं होतं.

दाखला मिळाला, फी भरायची मुदत अजून होती, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जाऊन आत्याने माझा आकडा दुरुस्त करून घेतला. अर्ज एकदा परत आला, रहिवासाचा दाखला पुसट दिसत होता म्हणून. आम्ही रडत बसलो नाही. आणि एका सकाळी मी बूट घालत असताना वरून घंटा वाजली. एक, दोन, तीन! दारं उघडली, लोक जिन्यात आले. "कुणाचं झालं हो?" तळमजल्यावरच्या आजींनी नेहमीसारखं हवेत विचारलं. "माझ्या मुलीचं!" मी ओरडलो. "पूर्ण शिक्षण शुल्क माफ! आणि मी शहाडला गोदामात काम करतो!" दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. आजींनीच पहिली टाळी वाजवली. वरून आत्या कडाडली, "नियम मोडलास गाढवा!" पण घंटा तिने चौथ्यांदा वाजवली.

आता आत्या मुलाकडे असते, घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. तिथून घंटा कुणाला ऐकू जाणार, म्हणून जाताना ती माझ्या मुलीला देऊन गेली. पोरगी तिसऱ्या वर्षाला आहे. दर वर्षी स्वतःचा अर्ज पुन्हा भरते, आणि पहाटे पाचला उठून बिल्डिंगमधल्या इतरांचेही. परवा तिने गॅलरीत घंटा वाजवली तेव्हा मी आत्याला फोन लावून तो उंच धरला.

"तीनच ना?" आत्याने विचारलं. "मी मोजल्या." मग ती हळूच म्हणाली, "कुणाचं झालं रे?"

"ते सांगायचं नसतं, आत्या."

ती हसली. "बरं," म्हणाली, "पण ज्याचं झालं त्याला सांग, पावती जपून ठेव म्हणावं."