पहिली मोजणी पुन्हा

देवळाली कॅम्पहून रोज बसनं येणाऱ्या राखी पगारेनं नाशिकच्या संशोधन केंद्रातलं ते चुंबकाचं यंत्र अकरा वर्षं सांभाळलं. यंत्रात प्रथिनाची नळी सोडायची आणि त्यातल्या अणूंचा सिग्नल किती वेगानं विझतो ते मोजायचं. त्यावरून प्रथिनाचा कुठला भाग आतल्या आत हलतो ते कळतं. दर मोजणीत सिग्नल विझायला दिलेला वेळ ती मुद्दाम उलटसुलट लावायची, आधी मोठा, मग छोटा. म्हणजे नळीतला माल नासायला लागला तर लगेच उघडा पडतो; चढत्या क्रमात नासणंही हलण्यासारखंच दिसतं.

"बाईंना साधे आकडे ओळीनं लावता येत नाहीत!" तिचे साहेब डॉ. आल्हाद गर्गे पाहुण्यांसमोर हसले आणि त्यांनी क्रम चढता करायला लावला.

मोजणी संपल्यावर राखीनं सवयीनं पहिली मोजणी पुन्हा घेतली. सिग्नल आधीच्या निम्मा! प्रथिनाचं शेपूट तुटत होतं. ती सांगायला धावली, तर गर्गे टेबलावर पेपरच्या मसुद्यातलं तिचं नाव खोडत होते. ती आल्या पावली परत फिरली. त्या मोजणीचा आलेख पर्समध्ये ठेवला आणि डूख धरला.

दीड वर्षानं भरल्या सभागृहात तोच पेपर मांडताना गर्गे रंगात आले होते. "हे शेपूट सतत हलतं!"

राखी उठली. तिनं आलेख उलगडला. "हलत नव्हतं सर. कुजून गळत होतं."

गर्गे तिच्याकडे वळले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते," राखी म्हणाली. "तुम्ही माझं नाव खोडत होतात."