क्लचप्लेटवरचा लाल ठिपका

साळवेमामांना मी चोर म्हटलं होतं.

याच प्रोफाइलवर. गॅरेजच्या फोटोसकट.

आज पहाटे ते गेले. पैठण रोडवरच्या त्यांच्या गॅरेजचं शटर खाली आहे, आणि हे लिहिल्याशिवाय मला घास जाणार नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅसचं सिलिंडर मी वजन करूनच घेते. दूधवाल्याच्या कॅनमध्ये डोकावते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणतात.

तर एका रविवारी खुलताबादच्या घाटात गाडी नुसती बोंबलायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, स्पीड काही वाढत नाही. वर जळका वास.

गाडी कशीबशी गॅरेजला आणली. मामांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गियर टाकला, हळूच क्लच सोडला. इंजिन आपलं चालूच.

"बंद पडाया पायजे व्हती ताई. पडली नाय. प्लेट घसरतीय, बदलावी लागंल."

मला लगेच शंका. नवी म्हणून जुनीच प्लेट घासूनपुसून बसवली तर आपल्याला काय कळणार? मी प्लेट स्वतः दुकानातून आणली. मधल्या लोखंडावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि मगच त्यांच्या हातात ठेवली.

मामांनी ठिपका पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. काहीच बोलले नाहीत.

का बोलले नाहीत, याचाही मी दोन दिवस संशय घेतला.

चार महिन्यांत तोच घाट, तोच वास.

"प्लेट नवीच हाय ताई. कुणीतरी क्लचवर पाय ठिवून गाडी चालवतंय."

"माझ्याशिवाय गाडीला कोणी हात लावत नाही."

"मग शीट एवढी मागं कशी?"

सीट मागं सरकलेली मीही कितीदा पाहिली होती. ऑफिसला मी कंपनीच्या बसनं जाते, गाडी दिवसभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. झालं! माझ्या डोक्यात पक्कं बसलं, यांनीच डुप्लिकेट किल्ली करून घेतलीय. गाडी फिरवतात आणि वर मलाच विचारतात.

"ते तुम्हालाच माहीत," मी म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला. "खोलून दावतो. तुमच्यासमोर."

मी गाडी काढली आणि घरी येऊन पोस्ट टाकली. सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. धडाधड अंगठे आले. ज्यांच्याकडं गाडीच नाही, तेही "मलाही फसवलंय" म्हणाले!

दुसऱ्या मेकॅनिकनं माझ्या डोळ्यांसमोर गियरबॉक्स उतरवला. प्लेट बाहेर काढली. जळून काळी झालेली.

मधोमध माझा ठिपका. काळपटलेला, पण माझाच.

मग माझा संशय घरात शिरला. गाडी परत आली त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि दुपारी पार्किंगच्या खांबाआड उभी राहिले.

अण्णा आले. हातात कपाटातली स्पेअर किल्ली.

शुगर वाढल्यापासून मी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. आणि हे बुवा रोज बिडकीनपर्यंत जाऊन, चहा पिऊन, गुपचूप परत येत होते.

मी दार उघडून शेजारी बसले. "चला, मलाही दाखवा कसं चालवता ते."

पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये गाडी हलली. डावा पाय क्लचवरच.

"अण्णा, पाय उचला."

"कोणता?"

"डावा."

"उचललाय की."

पाय पेडलवरच होता.

मी गाडी बंद करायला लावली, त्यांचा बूट काढला. तळव्याला जखम, मोजा चिकटलेला. शुगरनं पाय बधिर झालेला, त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस काढले असते तर पाय कापावा लागला असता.

पाय वाचला. मामांनी त्या दिवशी सीटचं विचारलं, म्हणून वाचला.

मी काय केलं? पोस्ट डिलीट केली. चुपचाप. सोसायटीतल्या गाड्या मामांकडं परत गेल्या नाहीत, तेही मला दिसत होतं.

पुढं एकदा सिग्नलला मामांनी स्कूटर माझ्या गाडीच्या काचेशेजारी आणली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी काढणार.

"जयभीम ताई. अण्णांचा पाय कसा हाय?"

"बराय. नमस्कार," मी म्हणाले आणि काच वर घेतली.

त्यांच्या जयभीमला मी कायम नमस्कारच म्हणत आले. दूधवाल्यावरचा माझा संशय आणि मामांवरचा संशय एकसारखा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. लाज वाटते.

पायाचं त्यांना कसं कळलं, ते आज समजलं. चालायला लागल्यावर अण्णा पहिल्यांदा गॅरेजलाच गेले होते, माझ्या वाटची माफी मागायला. मला तेव्हा सांगितलं नाही. आज म्हणाले, "तुझी माफी तू मागशील, असं वाटलं होतं."

आज अण्णा मामांना पोचवायला गेले. चालत, दोन्ही पायांवर. मी त्यांच्या मागं होते.

मामा, प्लेट नवीच होती. तुम्ही चोर नव्हता. हे इथंच लिहायचं होतं, तुम्हाला वाचता येत होतं तेव्हा.

जयभीम, मामा.