पलीकडच्या टोकाला

शकीलाआपाला सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा सिनेमा कुणालाच कळला नाही. अख्ख्या शहरात त्याचा एकच खेळ लागला, तोही भर सकाळी, आणि आलेल्यांतले निम्मे मध्येच उठून चहाला गेले. आपा मात्र पदर सावरून पुढच्या रांगेत बसली होती.

आपा कटकट गेटजवळ पिको-फॉल करते. तिचा धाकटा भाऊ मजीद दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फिरायला आलेल्या एका जर्मन बाईनं त्याची चित्रं पाहिली, त्याला तिकडं नेलं, आणि मजीद गेला तो गेलाच. अम्मीच्या मयतीलाही आला नाही. आपानं फोनवर त्याला नाही नाही ते सुनावलं. तेव्हापासून तिनं फोन लावला की तो उचलला जायचा आणि लगेच कट व्हायचा. "तिकडची लाइनच लई खराब हाय," असं ती सगळ्यांना सांगायची. एवढ्या मोठ्या देशाची लाइन म्हणे खराब! पण तिच्या तोंडाला लागणार कोण?

परदेशात म्हाताऱ्या झालेल्या चित्रकारावर सिनेमा काढणाऱ्या प्रणयला हे कुठूनसं कळलं. सिनेमातल्या बहिणीचा आवाज त्याला खराखुरा हवा होता. त्यानं आपाच्या हातात बंद फोन दिला आणि तुमच्या मनानं बोला म्हणाला. आपा भडाभडा बोलली. "माझं चुकलं रे. माफ कर. एकदा येऊन जा."

आता तोच आवाज पडद्यावर होता. पण दिसत होता पलीकडचा म्हातारा, रंगांनी बरबटलेल्या खोलीत, फोन कानाला लावून. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग सावकाश अंगठ्यानं फोन बंद केला आणि ब्रश उचलला.

आपानं शेजारी बसलेल्या सुनेला ढोसलं. "आमरीन, लाइन गेली ना?"

"नाय अम्मी, त्यानंच कापला."

"का बरं? मी तर माफी मागत व्हते."

"पिक्चर हाय अम्मी. नट हाय तो."

नट आहे हे आपालाही कळत होतं. पण बोलणं तर तिचं होतं, अगदी पोटातलं. मग त्यानं कापलं ते कुणाला? राग प्रणयवर काढावा, त्या नटावर की मजीदवर, तिला काही केल्या उमगेना.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि तिनं मजीदला फोन लावला. उचलला गेला. एरवी ती हॅलो हॅलो करत सुटायची. आज ती फोन कानाशी दाबून नुसती ऐकत राहिली. तिकडं कुणीतरी श्वास घेत होतं.

"मजीद," ती हळूच म्हणाली, "नाय बोललास तरी चालंल. फकस्त ठेवू नको."