वारज्यातली शाल

एका शास्त्रीय गाणाऱ्या बुवांच्या दौऱ्यांची व्यवस्था मी बरीच वर्षं पाहिली. म्हणजे तंबोरे जीपमध्ये नीट चढवायचे, चहात साखर किती ते आयोजकांना आधी कळवायचं आणि बुवा रुसले की त्यांची समजूत काढायची. दौरे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमानं येतात. आमचे दौरे दिवाळीत असत. पहाटे सदाशिव पेठेतून निघायचं, धायरी किंवा वारजे असा एखादा परदेश करायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी. बुवांना पेठेबाहेरचं पाणी सोसत नसे, त्यामुळे त्यांची कळशीही दौऱ्यावर यायची.

तबल्याच्या साथीला आमचे उस्ताद. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या पुण्यातच गेलेल्या. माणूस अतिशय गरीब स्वभावाचा, पण मनात एक सल होता. सत्कारात गाणाऱ्याला शाल-श्रीफळ आणि साथीदाराला एक गुलाब, असा आमच्याकडचा रिवाज. उस्तादांनी आयुष्यभर गुलाबच घरी नेले. दार उघडता उघडता भाभी विचारायच्या, गुलकंदापुरते कधी जमणार?

या भाभी कधी कार्यक्रमाला येत नसत. त्या वर्षी वारज्याच्या दिवाळी पहाटेला मात्र त्यांनी यायचं ठरवलं. आदल्या दिवशी उस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"एकदाच तिच्यासमोर शाल पडू द्या अंगावर," ते म्हणाले. "मग मरेपर्यंत गुलाब चालतील."

त्या माणसाने तोवर माझ्याकडे जीपमध्ये पाठीला उशी सोडून काही मागितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी लगेच वारज्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. एक जादा शाल म्हटल्यावर त्यांचा सूर असा लागला की जणू मी त्यांच्याच अंगावरची मागत होतो. शेवटी कबूल झाले. उस्ताद दिसायला कसे आहेत ते सांगू लागलो, तर म्हणाले की माणसं ओळखायला त्यांना पेठेतल्या लोकांनी शिकवू नये. फोन ठेवला.

पहाटे वारज्याला मरणाची थंडी. उस्ताद राखाडी सफारीवर स्वेटर आणि त्यावर माकडटोपी घालून आले होते. आमचा जीपचा ड्रायव्हर मात्र सासुरवाडीकडून आलेल्या नव्या रेशमी झब्ब्यात होता. त्यातून त्याचे केस मानेपर्यंत रुळणारे. तंबोरे स्टेजवर आणून ठेवायचे आणि खाली उतरायचं, एवढंच त्याचं काम. तेवढ्यात सत्काराची घोषणा झाली आणि तो वरच अडकला.

आता उस्तादांची एक सवय सांगायला हवी. तबला सुरात लावायला घेतला की भूकंप झाला तरी ते उठत नसत. त्यात त्या गारठ्यात सूर काही केल्या जमेना. लोकांकडे पाठ करून, माकडटोपीत, हातोडी घेऊन त्यांची ठोकाठोक चालू होती.

सेक्रेटरींनी आधी बुवांना शाल घातली. मग दुसरी शाल घेऊन ते उस्तादांपर्यंत आले. माझा जीव भांड्यात पडला. ते वाकले आणि म्हणाले, "अहो मिस्त्री, मांडवाचं काम कालच उरकायला हवं होतं. सत्कार चाललाय, जरा बाजूला व्हा."

असं म्हणून ते पुढे गेले आणि शाल ड्रायव्हरच्या खांद्यावर घातली.

ड्रायव्हर संस्कारी मुलगा. थोरामोठ्यांनी अंगावर शाल घातली की वाकायचं, एवढं त्याला ठाऊक. त्याने सेक्रेटरींच्या पाया पडून आशीर्वाद घेतला. टाळ्या पडल्या. मी विंगेत थर्मास धरून उभा. बुवांनी सगळं पाहिलं असणार, पण स्वतःची शाल अंगावर आली की त्यांची समाधी लागायची. उस्तादांची हातोडी हवेतच राहिली. त्यांनी हळूच पहिल्या रांगेकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा माझ्याच्याने बघवेना.

पहिल्या रांगेतून भाभी उठल्या. सावकाश पायऱ्या चढून स्टेजवर आल्या, स्वतःच्या अंगावरची तपकिरी लोकरीची शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि सेक्रेटरींपुढे धरली.

"तबला हे वाजवतात," त्या म्हणाल्या. "शाल मी आणलीय. घालायला माणूस तेवढा तुमचा द्या."

माइक चालूच होता. वारज्यातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ते पोचलं. सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण त्यांनी दोन्ही हातांनी शाल घेतली आणि उस्तादांना रीतसर घातली. पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. शाल घरून आणायची इथली पद्धतच असावी, असंही काहींना वाटलं. उस्तादांनी माकडटोपी काढून खिशात कोंबली आणि त्यानंतर असा काही तबला वाजवला की बुवांना दम खायला दोनदा पाणी मागावं लागलं.

परतताना जीपच्या फाटक्या ताडपत्रीतून वारा आत येत होता. भाभी कुडकुडत होत्या. ड्रायव्हरने आपली शाल देऊ केली असती, पण ती बुवांनी केव्हाच गुडघ्यांवर घेतली होती. पुलावर आल्यावर भाभींना राहवेना.

"अहो, द्या आता ती इकडे. थंडी वाजतेय मला."

उस्तादांनी शाल छातीशी आणखी घट्ट ओढून घेतली.

"सत्काराची आहे," ते म्हणाले. "अशी कुणालाही देत नसतात."