गोणपाट नावाची सवत

शनिवारी बाजार दुपारीच सुटतो आणि आमची पुरुषमंडळी जेवून जी आडवी होतात ती थेट दिवेलागणीला उठतात. मधले तास बायकांचे. कलकत्त्यात भवानीपुरात वत्सलावहिनींच्या माडीवर आम्ही तीन-चार बाजारवाल्यांच्या बायका जमतो. येताना प्रत्येकीच्या ओच्यात एक तक्रार असते. चहा उकळेपर्यंत ती तक्रारच असते, कप रिकामे होईपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो! मी सगळ्यांत नवी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणून मी नुसती ऐकायची. पण वर्षअखेरीला पाहिलं तर सगळ्यांत जास्त साठा माझ्याकडेच.

आमच्या घरी धंदा गोणपाटाच्या वायद्याचा. म्हणजे गोणपाट कुठेतरी गिरणीत विणलं जातं, कुठेतरी बोटीत चढतं, आणि मधल्या मधे हे बाजारात उभे राहून पुढच्या महिन्याच्या भावावर घसा फोडतात. वत्सलावहिनींचे यजमान नानासाहेब ह्यांचे भागीदार आणि गुरू. वहिनींनी मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "हे बघ, तू दुसरेपणावर आली आहेस. पहिली आधीपासून घरात आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

*

तसं पाहिलं तर लग्नातच कळायला हवं होतं. पुण्याला कार्यालयात शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं आणि अंतरपाटाच्या पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. नानासाहेबांची कलकत्त्याहून तार आली होती. सगळ्यांना वाटलं, आशीर्वादाची असेल. भटजी थांबले. अंतरपाट दूर झाला, मी मान वर केली, तर नवरदेव तार वाचताहेत!

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा उजळलेला, की माझ्या मैत्रिणी मागून चिमटे काढायला लागल्या. आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघत पहिलं वाक्य उच्चारलं, "तीन आणे वर!"

मामा बरेच दिवस विचारत होता, "तुझ्यासाठी आणखी कुणी बोली लावत होतं का गं?"

*

कलकत्त्याला आले तर घरात टेलिफोन. त्याला शिसवी तिवई होती. मला बसायला चटई होती. तक्रार नाही, मला चटईच आवडते. पण संक्रांतीला मी आठ दिवस खपून एक उशी भरली, तिच्यावर रेशमाने मोर काढला आणि ह्यांच्या खुर्चीवर ठेवली. हे आले, उशी उचलली, निरखून पाहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभी.

"छान झालीय हं," असं म्हणून त्यांनी ती टेलिफोनखाली ठेवली. "घंटेचा आवाज मऊ येईल!"

*

आता अस्वलाचं सांगते.

बाजारात इतका गलका असतो, की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू येत नाही. म्हणून ही मंडळी हातांनी बोलतात. तळहात छातीकडे वळवला की घेतलं, समोर केला की दिलं, आणि बोटं म्हणजे आकडा. एकदा हात वर गेला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी 'मी तसं म्हणालो नव्हतो' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कुणी व्यवहार करत नाही.

चौरंगीच्या बाजूला दर रविवारी लिलाव असायचे. विलायतेला परतणारे साहेब पलंग-कपाटं विकून जायचे. मला एक आरसा हवा होता, म्हणून हे मला घेऊन गेले. मी हरखून गेले. लग्नानंतरचा हा पहिला रविवार, ज्यात नानासाहेब नव्हते!

तर दालनाच्या दुसऱ्या टोकाला नानासाहेब उभे.

दोघांची नजर भेटली मात्र, मधल्या शंभर डोक्यांवरून बोलणं सुरू झालं. नानासाहेबांनी सोमवारचा अंदाज दाखवला. ह्यांनी तीन बोटं उभारली, तळहात छातीकडे. तेवढ्यात हातोडा पडला आणि लिलाववाल्याने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. व्यासपीठावर पेंढा भरलेलं, हातात तबक धरलेलं, पुरुषभर उंचीचं अस्वल होतं.

मी हळूच म्हटलं, "अहो, चुकून झालं म्हणून सांगा ना."

"हात वर गेला होता," हे म्हणाले. विषय संपला.

हमालांनी ते जिन्यावरून वर आणलं तेव्हा शेजारच्या बंगाली बौदी, म्हणजे वहिनी, दार उघडून "ओ मा गो!" म्हणून जे दार लावून बसल्या ते संध्याकाळीच उघडलं. अस्वल आमच्या बोळकांडीत उभं राहिलं. आणि आजवर संध्याकाळी माझ्या हातात येणारा ह्यांचा कोट दुसऱ्या दिवसापासून अस्वलाच्या हातात जायला लागला.

आरसा राहिलाच.

*

फाळणी झाल्यापासून बाजाराचं डोकं फिरलं होतं. ताग पिकवणारी शेतं तिकडे गेली, गिरण्या इकडे राहिल्या. सकाळचा भाव दुपारी ओळख देईना. ह्यांनी ते सगळं दोन वर्षं अंगावर घेतलं, आणि मग एके दिवशी नानासाहेबच त्यांना टॅक्सीत घालून घरी घेऊन आले.

"भाव समोरून चालत गेला हो!" नानासाहेब मला सांगत होते, जसं काही मीच बाजाराची मालकीण. "ह्याने सकाळी स्वतः सांगितलेला भाव! आणि हा खांबासारखा उभा. मी ओरडतोय, घे, घे! तर म्हणतो, नाना, हातच वर होत नाही."

डॉक्टर आले. ते आमचेच, पण तीन पिढ्या कलकत्त्यात, त्यामुळे मराठी बोलताना शब्द शोधत बोलतात. नाडी पाहिली, जीभ पाहिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोग नाही. हा... संपला आहे. दिव्यात तेल संपतं, तसा. एक महिना भाव ऐकायचा नाही, बोलायचा नाही, वाचायचा नाही."

खरं सांगू? मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. महिनाभर नवरा माझा!

*

माझा कसला? हे सकाळी उठायचे, दाढी करायचे आणि टेलिफोनसमोर खुर्ची ओढून बसायचे. तो वाजला तरी उचलायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. घरात कुणी अत्यवस्थ असावं आणि जवळच्या माणसाने उशाशी बसून राहावं, तसे. श्रावणात मला ताप आला होता, तेव्हा ह्यांनी "क्विनाईन घे" असं दारातून सांगितलं होतं. माझा ताप चांगला एकशे तीन होता!

शनिवारी वहिनींकडे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "ते बाजारात असतात तेव्हा निदान कुठे आहेत ते माहीत असतं. आता समोर बसलेले असतात आणि कुठे आहेत ते कळत नाही."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. वहिनींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

*

महिना संपला तरी फरक नाही, तेव्हा नानासाहेबांनी आपलं औषध काढलं. ह्यांना बजबज नावाच्या गावी एका तागाच्या गिरणीत घेऊन गेले. "ज्याच्यावर इतकी वर्षं जगलास, ते गोणपाट विणताना कधी पाहिलंयस का?"

हे परत आले ते केसांत तागाची तुसं घेऊन. हातात नमुन्याचा एक तुकडा. खिडकीशी उभे राहून तो उलटसुलट केला, बोटांनी चाचपला, उजेडात धरला आणि म्हणाले, "बरं आहे की."

मला बघायला आले होते तेव्हाही बैठकीतून उठताना अगदी हेच म्हणाले होते!

त्या तुकड्याचं मी पायपुसणं केलं. रोज सकाळी आंघोळ करून आले की त्याच्यावर जरा जास्तच वेळ पाय पुसायची.

*

पण गुण आला असावा, कारण पुढच्या सोमवारी हे कोट घालून, डबा घेऊन बाजाराला निघाले. रोज जायचे, रोज वेळेवर यायचे. मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा मत्सर करायला लागले.

दोन आठवड्यांनी कोट झटकताना खिशातून तिकिटं निघाली. हावड्याला जाणाऱ्या फेरीबोटीची. एकाच खेपेची, एक नव्हे, दोन! दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी वहिनींकडे गेले. त्यांनी तिकिटं पदराने पुसून पाहिली. म्हणाल्या, "कुणाला काही बोलू नकोस," आणि लगेच नानासाहेबांना हाक मारली.

नानासाहेब चकित झाले. "बाजारात? दोन आठवड्यांत मी त्याला पाहिलेला नाही! मला वाटलं, घरीच आहे."

गोणपाटाशी मी कसंतरी जमवून घेतलं असतं. पण गोणपाटाला बोटीचं तिकीट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हे निघाल्यावर मी डोक्यावरून पदर घेतला आणि मागोमाग ट्राम धरली. चांदपाल घाटावर हे उतरले, बोटीत चढले. मी गर्दीतून शिरून दोन बाकं मागे बसले. तिकीट काढायचं भानच राहिलं नाही. हे कडेला बसले होते. शेजारच्या जागेवर त्यांनी छत्री आडवी ठेवली होती आणि कुणी बसायला आलं की मान हलवून नाही म्हणत होते. मी मनात म्हटलं, येऊ दे तिला. बघतेच.

बोट सुटली. कुणी आलं नाही. हे पाण्याकडे बघत होते.

नदीच्या मध्यावर चेकर आला. माझ्यापुढे उभा राहिला. "टिकिट?" मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरून आवाज आला, "इधर है." हे पाठमोरेच होते. खांद्यावरून त्यांनी दोन तिकिटं मागे धरली होती.

चेकर मला हसून म्हणाला, "बाबू रोज दो लेता है. दूसरा सवारी आज आया!"

ह्यांनी छत्री उचलून मांडीवर घेतली. "अगं, तिकडे ऊन लागेल. इकडे ये."

मी जाऊन बसले. हावडा आला. धक्का लागला, सगळे उतरले, आम्ही उठलो नाही. चेकर फिरून परत आला. ह्यांनी खिशात हात घातला.

परतीचीही दोनच निघाली!