वाफेत गेलेला रिटेनर

लिफ्ट तळघरात थांबली की डाव्या हाताला इस्पितळाची वाफेची खोली होती. वरच्या मजल्यांवर वापरलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या तिथे यायच्या, धुतल्या जायच्या, हिरव्या कापडात बांधल्या जायच्या आणि पोलादी यंत्राच्या पोटात जाऊन वाफ खाऊन परत वर जायच्या. यंत्राचं दार उघडलं की पांढरी वाफ लोळत बाहेर येई, सगळी खोली पुसून टाकी आणि मग हळूहळू एकेक वस्तू परत करी. आधी भिंतीवरचं घड्याळ, मग टेबल, मग टेबलापाशी बसलेली कामातली जोडीदारीण. सत्तावीस वर्षं मावशी हे रोज पाहत आल्या होत्या. तरी दर वेळी घटकाभर त्यांना वाटायचं, या खेपेला वाफ विरली की काहीतरी निराळंच दिसेल. एखादं तळं, नाहीतर लहानपणीची शाळा.

सगळं इस्पितळ त्यांना वाफेच्या मावशी म्हणायचं. खरं तर त्या एकाच मुलीच्या मावशी होत्या. बहिणीची ही मुलगी शिकायला त्यांच्याकडे राहत होती. डोळे उघडल्यापासून बडबड करायची म्हणून मावशी तिला साळुंकी म्हणत.

साळुंकीच्या दातांवर दोन वर्षं तारा होत्या. पुढच्या दोन दातांमधली फट अशी, की तिच्यातून पेन्सिलीचं टोक जायचं. तारांनी ती फट बुजली. तारा निघाल्या त्या दिवशी ही मुलगी वाटेतल्या प्रत्येक काचेत हसत घरी आली. तारांच्या जागी आता रिटेनर आला होता; दातांच्या मापाचं, पारदर्शक, नखासारखं पातळ कवच. खाताना काढायचं, बाकी वेळ तोंडात.

“डॉक्टर म्हणाल्या, हाडाला नवी जागा पटायला वर्ष लागतं,” साळुंकीने घरी येऊन सांगितलं होतं. “तोवर दात झोपेत चालणाऱ्या माणसासारखे असतात. लक्ष नसलं की निघाले जुन्या घराकडे!”

मावशींच्या मनात हे वाक्य जाऊन बसलं. सुट्टीच्या दुपारी डोळा लागला की त्यांना ते दात दिसत. पांढरे झगे घातलेले, हात पुढे केलेले, लांबलचक जिन्यावरून एकेक पायरी उतरणारे. मावशी पुढे होऊन त्यांना दंडाला धरत आणि परत नेऊन निजवत.

साळुंकी मात्र रिटेनर काढला की कुठेही ठेवायची. खिडकीत, वहीवर, एकदा तर चष्म्याच्या घरात. आठवण झाली की ब्रशने खसाखसा धुवायची. नुसत्या ब्रशने धुतलेलं मावशींच्या लेखी धुतलेलंच नव्हतं.

दुपारी दोघी इस्पितळाच्या कँटीनमध्ये एकत्र जेवत. एके दिवशी साळुंकीला तासाला उशीर झाला. अर्धा घास तोंडात घेऊनच ती पळाली. मावशी तिचं ताट उचलायला गेल्या तर घडी केलेल्या कागदी रुमालातून रिटेनर निसटला, टप्पा खाऊन थेट कोणाच्या तरी चिखलाच्या बुटापाशी गेला.

मावशींनी तो दोन बोटांत धरून उचलला. इस्पितळाची फरशी! साऱ्या जगाचे आजार इथे पायी चालत येतात. हे आता पोरीच्या तोंडात जायचं?

त्यांनी तो खाली नेला, पाकिटात घातला, वर चिकटपट्टी लावली आणि बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर यंत्रात ठेवला. पारदर्शक नळ्या रोज यातून जात नि होत्या तशा बाहेर येत. मग हा का नाही येणार?

दार उघडलं. वाफ विरली. घड्याळ आलं, टेबल आलं. चिकटपट्टीवरच्या फिकट रेघा काळ्याभोर झाल्या होत्या, म्हणजे पाकीट वाफेतून नीट गेलं होतं. पाकिटात मात्र आक्रसलेलं, मुडपलेलं, सुकलेल्या पाकळीसारखं काहीतरी होतं.

“हे काय गं?” जोडीदारणीने विचारलं.

“भाचीचा रिटेनर.”

“अगं बाई! जंतू एक नसेल बघ यात. आता वाकड्या दातांचा एखादा उंदीर शोध.” मावशी हसल्या नाहीत, तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, “सांग हरवला म्हणून. पोरं हरवतातच.”

तेवढ्यात झाडूवाल्या बाईंनी आत डोकावून सांगितलं, “मावशी, तुमची भाची कँटीनमागे कचऱ्यात हात घालून बसलीय.”

पाकीट खिशात टाकून मावशी धावल्या. साळुंकीचे हात कोपरापर्यंत उष्ट्याने माखले होते.

“गेला, मावशी! कागदात गुंडाळून ताटातच ठेवला मी. किती मूर्ख आहे मी!”

“बघू या,” मावशींच्या तोंडून निघून गेलं. “सापडेल.”

आणि त्याही बाह्या सारून गुडघ्यांवर बसल्या. एकेक ओला कागद उलगडू लागल्या. खिशातली वस्तू त्या कचऱ्यात शोधत होत्या. आपले हात वाफेपलीकडून दिसावेत तसे त्यांना लांबचे, कोणा परक्याचे वाटत होते. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातचा एक गठ्ठा बिघडला नव्हता. वरच्या सिस्टर म्हणत, मावशींनी बांधलंय ना, मग डोळे मिटून उघडा. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की कचऱ्याची गाडी येणार होती. रिटेनर पोरीनेच हरवला असं कायमचं ठरणार होतं.

“आई म्हणतेच,” साळुंकी नाक पुसत म्हणाली, “माझ्या हातात काही टिकत नाही. खरंच आहे.”

मावशींचे हात थांबले. त्यांनी पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

“तुझ्या हातून नाही गेला. मी वाफेत घातला.”

साळुंकी त्या पाकळीवर वाकली. “म्हणजे... तो खिशात होता? आणि तू माझ्याबरोबर शोधत होतीस?”

“हो,” मावशी म्हणाल्या. साळुंकी उठली, नळावर हात धुतले आणि एकटीच चालू लागली.

संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात मावशींनीच सगळं सांगितलं. डॉक्टर कपाळाला हात लावून हसल्या. “अहो मावशी, साधं गरम पाणी चालत नाही त्याला! गार पाण्याने धुवायचा, हे मी सांगितलं होतं ना गं?” साळुंकीने खाली पाहिलं. झोपेत चालणाऱ्या दातांच्या नादात तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

“तीन दिवसांत नवा देते. आपल्याकडे तिच्या दातांचा साचा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दात तेवढ्यात हलले नसले तर बसेल. नाही बसला तर पुन्हा तारा.”

ते तीन दिवस घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. साळुंकी विचारलं तेवढंच बोले, तेही ओठ मिटत मिटत. ताटल्या आवाज न करता फळीवर जात. मावशी चोरून तिच्या दातांकडे बघत, आणि डोळा लागला की जिन्यावर उभ्या राहत. आता दात त्यांच्या हाताला लागत नव्हते. शेजारून तरंगत खाली जात होते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नवा रिटेनर दातांवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबला. साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एका हाताने खुर्ची घट्ट धरली, दुसरा हात हवेत चाचपडला आणि मावशींचा हात सापडल्यावर थांबला. डॉक्टरांनी आणखी एकदा दाबलं.

“घट्ट बसलाय,” त्या म्हणाल्या. “पण बसलाय. गार पाणी, मऊ ब्रश, पेस्ट नको. आणि काढला की या डबीत.”

डबी घ्यायला मावशींचा हात सवयीने पुढे झाला आणि मागे आला. डबी साळुंकीने घेतली.

रस्त्यावर आल्यावर ती नव्या रिटेनरमुळे जरा बोबडं बोलत म्हणाली, “आता हा मी धुणार. तू फक्त विचारायचं, धुतलास का म्हणून.”

“रोज?”

“रोज. आणि खिशात काही असेल तर आधी सांगायचं.”

“सांगेन,” मावशी म्हणाल्या. चार पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, “धुतलास का?”

“अगं, आत्ता तर घातला!” साळुंकी ओरडली, आणि मग घर येईपर्यंत तीन दिवसांचं साठलेलं सगळं बोलत राहिली.