बसवराज अण्णांचा गठ्ठा

अण्णांच्या पोटात काही राहत नसे. नोकरीला लागून मला आठवडा झाला होता. पाहुणे मला बघायला येणार म्हणून शनिवारची सुट्टी हवी, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. तासाभरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसखालच्या चहावाल्याने कप पुढे करत विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?"

असा माणूस पोटासाठी गुपितं सांभाळायचा. गडहिंग्लजचे बसवराज अण्णा आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सर्वांत जाणते. गोष्ट उघड न करता ती खरी असल्याचा गणिती पुरावा देणं, हे त्यांचं काम. "काय हाय ते सांगणार न्हाय, पर हाय हे तुला मानावं लागंल," असं ते समजावत.

आजऱ्याचे काजू कारखानदार श्रीपतराव हे आमचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. प्रत्येक पोतं आजरा तालुक्यातल्याच बागेतलं आहे हे खरेदीदाराला पटावं, पण बागायतदारांची नावं कुणाला कळू नयेत, अशी त्यांची अट. अण्णांनी ते जमवलं. पोत्यागणिक पुरावा ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांवर एकदम राहणाऱ्या, खोडता न येणाऱ्या नोंदवहीत तपासला जाई. मात्र दर तपासणीला शुल्क पडे.

श्रीपतराव म्हणाले, "अण्णा, पुरावा काजूपेक्षा महाग पडतोय की. ऱ्हाऊ द्या."

ते काम गेलं तर कंपनीला कुलूप लागणार होतं. हेही आम्हाला अण्णांकडूनच जिन्यात कळलं.

आठ दिवस ते खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले, "दिवसभराचं पुरावं आपल्याकडं एकत्र करायचं. हे समदं खरं हायत, एवढाच एक पुरावा वर नोंदवहीत धाडायचा. तपासणी एकदाच."

श्रीपतरावांसमोर प्रयोग केला, तर पुराव्यांचा गठ्ठा तयारच होईना.

"एक पुरावा नासका हाय," अण्णा म्हणाले.

"कुठल्या पोत्याचा?"

"त्येच कळंना. आधी एकेक तपासून मग बांधायला पायजे हुतं. चुकलं माझं."

श्रीपतरावांनी आठवडाभराची मुदत दिली. अण्णांनी प्रत्येक पुरावा आधी आमच्याच संगणकावर, फुकटात तपासायची सोय केली आणि मग गठ्ठा बांधला. एकाच तपासणीचं शुल्क साऱ्या पोत्यांवर विभागलं, तेव्हा ते चहाच्या घोटाइतकंही उरलं नाही.

जाताना श्रीपतरावांनी हळूच विचारलं, "बागायतदारांची नावं तुमास्नी ठावं हायत?"

"न्हाईत. यादी तुमच्याच संगणकावर ऱ्हाती, हितं फकस्त पुरावं येत्यात. मला कळली असती तर आतापातूर भर दसरा चौकात जाहीर झाली असती."

पुढे वडील अंथरुणाला खिळले, म्हणून अण्णा गावी गेले. त्यांचं काम माझ्याकडे आलं. गेल्या महिन्यात त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत मला चूक सापडली. एवढ्या मोठ्या माणसाला ती कशी सांगायची, या विचारात दोन दिवस काढले आणि मग फोन केला.

त्यांनी लगेच विचारलं, "कवा घावली?"

"परवा."

"मग दोन दिस काय करत हुतीस?" अण्णा म्हणाले. "ती ओळ वाच."